'बाधणे' हे क्रियापद नक्की आलं कुठून?

उसळपाव:
काल घरी कापा फणस फोडला, मी आठ-दहा गरे सपाट्याने उडवले तशी आई ओरडली "पुरे आता, बाधेल". शेजारी कानपूरचा मित्र बसलेला, तो म्हणे फणस अडवणार कसा? त्यांच्या हिंदीत बाधा म्हणजे अडथळा ना. मला काही सांगताच येईना. विषबाधा, भूतबाधा, अबाधित हक्क, हे सगळं एकाच घरातलं का?

पाटावरवंटा:
हो, एकच घर. संस्कृत बाध् धातू, दाबणं, पिडणं, मागे रेटणं असा सगळा अर्थ त्यात. हिंदीने रेटणं धरलं म्हणून अडथळा, आपण पिडणं धरलं म्हणून आजारपण. पण अबाधित, निर्बाध मध्ये आपल्याकडेही अडथळाच आहे बघ.

तळ्यातमळ्यात:
यावरून आमच्या संस्कृतच्या बाई एक गोष्ट सांगायच्या. राजा पालखीत बसलेला, भोयाला विचारतो खांदा दुखतोय का रे, पण विचारताना 'बाधति' म्हणतो. हा धातू आत्मनेपदी, म्हणजे 'बाधते' पाहिजे. भोई म्हणतो "न तथा बाधते स्कन्धो यथा बाधति बाधते", खांद्याचं काही नाही महाराज, तुमचं ते बाधति जास्त बाधतंय 😀 (राजा कोण ते जो तो वेगळं सांगतो)

शेवग्याची_शेंग:
मला मराठीतली गंमत वेगळीच वाटते. माणूस माणसाला छळतो, गांजतो, नडतो, पण बाधत नाही. बाधतं ते ऊन, गार वारा, शिळं अन्न, परगावचं पाणी, ज्यांच्या मनात आपल्याबद्दल काही वाईट नसतं असं सगळं. आणि भोवणे त्याहून वेगळं, भोवतं ते आपलंच केलेलं. म्हणजे उद्या तुझं पोट बिघडलं तर फणस बाधला आणि हावरटपणा भोवला.

पाटावरवंटा:
@शेवग्याची_शेंग माणसाचं पटलं, पण भुताचं काय? ते तर मुद्दाम धरतं की. २०२० मध्ये पेपरात रोज 'करोनाबाधित' यायला लागलं तेव्हा आमची आजी म्हणायची याला मांत्रिकाकडे न्या, तिच्या डोक्यात बाधा म्हणजे तीच. साधं लागण म्हणायला काय झालं होतं कोण जाणे.

उसळपाव:
भारी! मित्राला सगळं वाचून दाखवलं, तो म्हणे म्हणजे फणस निर्दोष. मला काही बाधलं नाही, त्याचं मात्र सकाळपासून पोट धरलंय. आठळ्या उकडायला ठेवल्यात, त्याला देऊ की नको?