स्ट्रॉबेरीवर सूक्ष्मशैवालाचा लेप

स्ट्रॉबेरी जास्त टिकावी म्हणून तिच्यावर समुद्री शेवाळाचा पातळ लेप द्यायचा आणि त्यात स्पिरुलिना किंवा क्लोरेला ही सूक्ष्मशैवालं (डोळ्यांना न दिसणारे, शेवाळासारखे सूक्ष्मजीव) मिसळायची, अशी ही कल्पना आहे. समुद्री शेवाळापासून फिल्म म्हणजे पातळ पापुद्रा बनतोच, मग स्पिरुलिना कशाला, असा प्रश्न त्यावर विचारला जातो. दोघांची कामं वेगळी आहेत. तपकिरी समुद्री शेवाळातलं अल्जिनेट हा जेलसारखा पदार्थ म्हणजे लेपाचा मूळ थर. त्यामुळे फळातलं पाणी उडणं आणि फळाचं श्वसन मंदावतं. स्पिरुलिना किंवा क्लोरेलाचा अर्क त्यात मिसळतात तो ऑक्सिडेशन रोखायला आणि बुरशीला अडवायला.

महाबळेश्वरची स्ट्रॉबेरीच घ्या. डबा उघडला की झाकणाला आतून दव धरलेलं असतं आणि दोन फळं एकमेकांना टेकतात नेमकी तिथेच करड्या बुरशीची लव दिसते. ही बोट्रायटिस. फ्रिजच्या थंडीतही ती हळूहळू वाढतच राहते. म्हणून डबा बदलण्यापेक्षा फळालाच चिकटून बसणारा पातळ लेप मला जास्त कामाचा वाटतो.

मात्र स्पिरुलिनातलं फायकोसायनिन हे निळं रंगद्रव्य नाजूक असतं. उजेडात ते फिकं पडतं, ५० अंशांच्या वर तर भराभर विघटित होतं. म्हणजे प्लास्टिक वितळवून काढलेल्या फिल्ममध्ये ते टिकणार नाही. थंड द्रावणात फळ बुडवायचं किंवा फवारणी करायची. शिवाय स्पिरुलिनाला स्वतःचा उग्र वास आहे. स्ट्रॉबेरी तर गिऱ्हाईक वास घेऊनच उचलतं, तेव्हा प्रमाण फार जपून ठरवावं लागेल.

आणि लेपामुळे शीतगृहाची गरज संपेल, असंही म्हटलं जातं, ते मला अजिबात पटत नाही. तोडणीनंतर फळ लगेच थंड करावंच लागेल.