मेंदूच्या ऑपरेशननंतर कामाचे तास कसे वाढवले?

११ आठवड्यांपूर्वी माझी मेनिन्जिओमाची (मेंदूच्या आवरणावरची गाठ) शस्त्रक्रिया झाली. गाठ साधी निघाली, रेडिएशन नाही. हातपाय, बोलणं व्यवस्थित. हिशेब तपासण्याचं बैठं काम आहे. ३ आठवड्यांपासून रोज ४ तास जातेय.

अडचण थकव्याची. नेहमीची दमणूक नव्हे ही. झोप काढली तरी जात नाही. सकाळचे दोन तास छान जातात, मग एकदम दिवे गेल्यासारखं होतं. समोरचे आकडे दिसतात पण डोक्यात शिरत नाहीत. त्यातून मीटिंगमध्ये चारजण एकदम बोलले की दुसरा दिवस अंथरुणात. आणि टाके दिसत नाहीत म्हणून सगळ्यांना मी ठणठणीत वाटते!

हिमोग्लोबिन, थायरॉइड, बी-१२ तपासून झालं, ठीक आहे. फिट येऊ नये म्हणून लेव्हेटिरॅसिटॅम चालू आहे. त्यानेही सुस्ती येते हे माहीत आहे, पण डोस डॉक्टरच ठरवतील, त्यामुळे तो विषय नको. दुपारी अर्धा तास पडते, कठीण काम सकाळीच उरकते, चहा-कॉफी वाढवून पाहिली (उपयोग शून्य, वर रात्रीची झोप गेली).

पुढच्या महिन्यापासून ८ तास या, असं ऑफिसचं म्हणणं आहे. घरून काम शक्य नाही, बिनपगारी रजा परवडणार नाही.

ज्यांनी यातून वाट काढली त्यांना विचारते: तास आठवड्याला किती वाढवले, की आधी तास तेवढेच ठेवून मधे सुट्टीचा दिवस घेतला? आणि डॉक्टरांच्या पत्रात नेमकं काय लिहून घेतलं, म्हणजे ऑफिसने ऐकलं?