छंदापुरता कॅमेरा: फिल्म की डिजिटल?

रंकाळा_काठ: नवशिक्यानं जुना फिल्म एसएलआर (लेन्समधूनच बघायचा, लेन्स बदलता येणारा कॅमेरा) घ्यावा की सेकंडहँड डिजिटल? माझं मत फिल्म. रोलमध्ये ३६च फोटो असले की माणूस उजेड बघून बटण दाबतो. शिवाय कलर निगेटिव्हला एक-दोन स्टॉप (एक स्टॉप म्हणजे दुप्पट) जादा उजेड सहज पचतो. रंकाळ्याच्या पाण्यावरची चकाकी डिजिटलमध्ये एकदा पांढरी जळाली की गेलीच.

तालीम_बघे: भावा, रोल धुऊन येईपर्यंत अ‍ॅपर्चर (लेन्सचं भोक) किती ठेवलं होतं, कोण लक्षात ठेवतंय? डिजिटलमध्ये सगळं फाईलमध्येच नोंदलेलं असतं. चकाकी जळते म्हणून रॉमध्ये (सेन्सरची कच्ची फाईल) काढायचं, एक्स्पोजर पाऊण स्टॉप खाली. सावल्या नंतर उचलता येतात. आणि तालमीत काय करशील? डाव गोठवायला १/५०० सेकंदाचं शटर लागतं. अंधाऱ्या तालमीत एफ २.८ ला (भोक बरंच उघडं) त्यासाठी आयएसओ (उजेडाची संवेदनशीलता) ६४०० लागला, तर १६०० पर्यंत पुश केलेली (जास्त वेळ धुऊन चढवलेली) एचपी५ ही कृष्णधवल फिल्म तुला १/१२५ वर आणून सोडते. पैलवानाचे हात पुसट, वर सावल्या कोळशागत.

रंकाळा_काठ: तालमीपुरतं मान्य. पण कृष्णधवल घरी धुता येतं. एचपी५ ४०० लाच काढायची. डी-७६ हा डेव्हलपर (फिल्म धुण्याचं रसायन) आणि पाणी समसमान, २० अंशाला ११ मिनिटं. सुरुवातीला ३० सेकंद आणि मग दर मिनिटाला १० सेकंद टाकी उलटसुलट करायची. डार्करूम लागत नाही, फिल्म टाकीत भरण्यापुरता काळोख बास.

फिक्सर: एप्रिलमध्ये कोल्हापुरात नळाला २० अंशाचं पाणी येतंय होय? डेव्हलपरची बाटली बर्फाच्या पाण्यात उभी करा. बर्फ आत टाकला तर मिश्रण पातळ होऊन निगेटिव्ह फिकी येते. जुना कॅमेरा घेताना मागच्या झाकणाच्या खोबणीतला काळा फोम बोटानं दाबा. चिकटला तर बदलायचा, नाहीतर उजेड आत शिरतो. रोल भरून लिव्हर ओढला की रिवाइंडची नॉब फिरलीच पाहिजे. ढिली फिल्म आधी ताणून घ्या. तरी फिरत नसेल तर फिल्म निसटलीय, रोल कोराच निघणार.

रंकाळा_काठ: बरोबर. पण जोतिबाच्या यात्रेत गुलालात लेन्स बदलली तर सेन्सरवर बसलेला कण पुढच्या प्रत्येक फोटोत त्याच जागी. फिल्मला दर फोटोला नवी चौकट.

तालीम_बघे: आणि तोच कण प्रेशर प्लेटवर (फिल्म मागून दाबून धरणारी पट्टी) बसला तर? अख्ख्या रोलभर आडवी रेघ! सेन्सर निदान ब्लोअरनं झटकता येतो. गुलालात लेन्स बदलूच नये, १८-५५ झूम लेन्स लावून जावं.