नोच्नोय दोझोर: पहिल्यांदा बघणाऱ्याला काय सांगाल?

2004 सालचा रशियन सिनेमा 'नोच्नोय दोझोर', म्हणजेच 'नाइट वॉच', लावणारे बरेचजण पहिल्या अर्ध्या तासातच गोंधळतात आणि बंद करून टाकतात. हा सिनेमा आपले नियम समजावत बसत नाही, सगळी अडचण तिथेच आहे. ज्यांनी तो बारकाईने बघितलाय, मूळ कादंबरी वाचलीय, सबटायटल्सवर काम केलंय, त्यांनी इथे नेमकं लिहावं: कुठली आवृत्ती घ्यावी, कुठे अडतं, का अडतं. गोष्टी आणि आठवणी नकोत. शेवट फोडू नका, एवढी विनंती.

रातकिडा

पहिला घोळ नावातच होतो. सिनेमात अलौकिक शक्ती असलेल्या माणसांच्या, म्हणजे 'इतरां'च्या, उजेड आणि अंधार अशा दोन बाजू आहेत. रात्रीची गस्त घालतात ते उजेडाच्या बाजूचे लोक, कारण अंधारवाल्यांवर नजर ठेवायची ती रात्रीच. दिवसाची गस्त अंधारवाल्यांची. नावावरून उलटं वाटतं, आणि तसं गृहीत धरलं की पुढचं सगळंच चुकतं.

सुरुवातीला 1342 सालची पुलावरची लढाई आहे. दोन्ही बाजू तोडीस तोड आहेत, कुणीच उरणार नाही, हे लक्षात आल्यावर तह होतो. पुढचा सगळा सिनेमा या तहाच्या कलमांवर चालतो. व्हॅम्पायरला शिकारीसाठी परवाना लागतो आणि तो उजेडवालेच देतात. हे डोक्यात असलं की रात्रीच्या गस्तीत काम करणारा नायक अन्तोन आणि शेजारचा व्हॅम्पायर मुलगा कोस्त्या, त्याचा खाटीक बाप, यांच्यातला अवघडलेपणा लगेच कळतो. अन्तोन त्या बापाकडे डुकराचं रक्त प्यायला जातो, तेही कामाचा भाग म्हणून. रक्त पोटात गेल्याशिवाय त्याला व्हॅम्पायरचा माग लागत नाही. त्याची किंमतही तो मोजतो: मेट्रोत उजेड सहन होत नाही म्हणून डोळ्यांवर काळा चष्मा.

1992 चा प्रसंग मात्र एका जागी बसून बघा. बायको परत यावी म्हणून अन्तोन चेटकिणीच्या फ्लॅटवर जातो. मंत्र पुरा व्हायला तिची टाळी वाजावी लागते, आणि ऐन वेळी तिचे हात धरले जातात. धरणारे सामान्य माणसाला दिसत नाहीत, अन्तोनला दिसतात. तो 'इतरां'पैकी आहे हे तिथे ठरतं. त्या खोलीत कोण काय मागतं आणि कोण कशाला हो म्हणतं, त्यावर शेवट उभा आहे. एवढी पाच मिनिटं हुकली तर शेवट समजणार नाही.

मधलीसुट्टी

आवृत्त्यांबद्दल. रशियात लागलेली आणि बाहेरच्या देशांसाठी पुन्हा संकलित केलेली, अशा दोन मुख्य आवृत्त्या आहेत. प्रस्तावनेतलं निवेदन इंग्रजीत आणि पुढचे संवाद रशियनमध्ये असतील तर ती बाहेरची. तिचं वैशिष्ट्य म्हणजे चित्रात मिसळलेली सबटायटल्स. ओळखायची खूण सोपी आहे: येगोर हा मुलगा पोहण्याच्या तलावात असताना त्याला व्हॅम्पायरची हाक ऐकू येते. ती हाक लाल अक्षरांत उमटून पाण्यात रक्तासारखी विरघळत गेली, तर योग्य प्रत मिळाली. साधी पांढरी अक्षरं किंवा इंग्रजी डब असलेल्या प्रतीही फिरतात. डब शक्यतो टाळा, कारण अन्तोन झालेल्या खाबेन्स्कीचा थकलेला, खाली बसलेला आवाजच अर्धा अन्तोन आहे.

सबटायटल्सची फाइल वेगळी जोडणार असाल तर तीन प्रकारचे बिघाड होतात आणि त्यांचे उपायही वेगळे.

संवाद आणि सबटायटल यांतलं अंतर सुरुवातीला जवळपास नसेल आणि हळूहळू वाढत जात असेल, तर फ्रेमचा वेग जुळत नाहीये. सेकंदाला 25 फ्रेमच्या प्रतीला 23.976 फ्रेमची फाइल जोडली की तासाभरात साधारण अडीच मिनिटांचा फरक पडतो. सबटायटल एडिटरमध्ये फ्रेमरेट बदलून फाइल नव्याने साठवायची, काम होतं. सगळं नीट चाललेलं असताना एका जागी अचानक उडी पडत असेल, तर फाइल दुसऱ्या संकलनाची आहे. तिथे फ्रेमरेट बदलून उपयोग नाही, त्या जागेपासून पुढच्या सगळ्या वेळा सरकवाव्या लागतात, आणि पुढच्या कापाशी पुन्हा. त्यापेक्षा जुळणारी फाइल शोधणं सोपं. पहिल्यापासून शेवटपर्यंत सारखाच थोडा फरक असेल तर व्हीएलसी प्लेयरमध्ये जी आणि एच या कळा पुरतात, एका दाबाला 50 मिलिसेकंद.

रशियन फाइल उघडल्यावर अगम्य चिन्हं दिसली तर ती बहुधा विंडोज-1251 या जुन्या अक्षर-संकेतात आहे. यूटीएफ-8 करून घ्या.

तिन्हीसांज

मराठी सबटायटल्स करणाऱ्यांसाठी शब्दांचं थोडं. 'दोझोर' म्हणजे पहारा किंवा गस्त. मला 'गस्त' बरोबर वाटतो, कारण पहारा एका जागी उभा असतो आणि हे लोक शहरभर फिरतात. 'इनिए' म्हणजे इतर, निराळे. 'अमानवी' करू नये. ती माणसंच आहेत.

खरी कसोटी 'सूमराक'ची, म्हणजे 'इतर' ज्यात शिरतात त्या सावलीच्या जगाची. इंग्रजीत त्याचं कधी 'ग्लूम', कधी 'ट्वायलाइट' झालं. आपल्याकडे 'कातरवेळ' आहे. उजेड आणि अंधार यांच्या मधली, जीव कातर करणारी वेळ. अडचण एवढीच, की सूमराक ही जागा आहे, तिच्यात शिरता येतं. कातरवेळेत 'शिरला' म्हटलं तर कानाला खटकतं. 'सावट' वापरून बघा. 'तो सावटात शिरला' चालतं, आणि सावलीशी असलेलं नातंही टिकतं.

रात्रीची गस्त ज्या वीजखात्याचं सोंग घेते ते 'गोरस्वेत', म्हणजे शहराचा उजेड. शाप लागलेली बाई 'स्वेतलाना', तिच्या नावातही तोच 'स्वेत' आहे. रशियन कानाला हे आपोआप ऐकू येतं, आपल्याला सांगावं लागतं.

खिडकीपाशी

सेर्गेय लुक्यानेंकोची कादंबरी 1998 ची, तीन भागांची. सिनेमा मुख्यतः पहिल्या भागावर आहे. कादंबरीत सूमराकचे नियम सविस्तर आहेत: आपलीच सावली उचलून तिच्यातून आत जायचं, आत रंग नाहीत, थंडी आहे, आणि तो आत येणाऱ्याची शक्ती शोषत राहतो. जास्त थांबलात तर बाहेर येता येत नाही. पहिल्यांदा आत शिरताना मनाची जी अवस्था असेल, त्यावरून बाजू ठरते. येगोरसाठी दोन्ही बाजू इतक्या का झटतात, त्याचं उत्तर इथे आहे.

सूमराकच्या पहिल्या थरात भावनांवर पोसणारं निळं शेवाळ असतं. दिग्दर्शक बेकमामबेतवने शेवाळाऐवजी डास आणले. मला हा बदल फार आवडतो. शेवाळ दाखवलं तर ते भिंतीचा रंग होऊन बसेल. डासांचा आवाज आला की सूमराक सुरू झाल्याचं कानाला आधी कळतं. अन्तोन आणि येगोर यांचं नातं मात्र पूर्णपणे सिनेमाचं, कादंबरीत ते नाही.

आरशाचंही लक्षात ठेवा. युरोपातल्या दंतकथांत व्हॅम्पायर आरशात दिसत नाही. इथे तो नुसत्या डोळ्यांना दिसत नाही आणि आरशात दिसतो, म्हणून अन्तोन आरशात बघून लढतो. तो व्हॅम्पायर झालाय इल्या लागुतेंको, 'मुमी त्रोल' या रॉक बँडचा गायक. रशियन प्रेक्षकाने त्याला पहिल्याच क्षणी ओळखलं असणार.

अर्धा_टाका

विमानातून निखळलेल्या खिळ्याचा प्रसंग थांबवून थांबवून बघण्यासारखा आहे. स्वेतलानाच्या इमारतीवर शापाचा भोवरा फिरतोय, कावळे घिरट्या घालताहेत, वरून चाललेल्या विमानाचा एक रिव्हेट सुटतो, आणि कॅमेरा त्याच्याबरोबर खाली येतो: आकाश, इमारत, हवेचं भुयार, आणि थेट तिच्या कॉफीच्या कपात. शापाची ताकद शब्दांत न सांगता एका खिळ्यातून सांगितली. बेकमामबेतव जाहिरातींतून आलेला. 90 च्या दशकात एका बँकेसाठी त्याने केलेल्या इतिहासावरच्या जाहिराती रशियात गाजल्या होत्या. अर्ध्या मिनिटात पूर्ण गोष्ट बांधायची सवय इथे दिसते. दोष येतो तोही याच सवयीतून: असे तुकडे झळाळतात आणि त्यांना जोडणारे साधे प्रसंग घाईत उरकले जातात.

साधारण 42 लाख डॉलरमध्ये हे झालं. दृश्यपरिणामांचं काम अनेक रशियन स्टुडिओंत वाटलं होतं, त्यामुळे प्रसंगागणिक पोत बदलतो. तो दोष मानू नका, अपेक्षा तेवढी जुळवून घ्या.

रातकिडा

पुढचा भाग 'दिवसाची गस्त' 1 जानेवारी 2006 ला आला. त्याच नावाची कादंबरी आहे म्हणून ती आधी वाचायला घेऊ नका. तो सिनेमा पहिल्याच कादंबरीच्या उरलेल्या भागांवर बेतलेला आहे. क्रम असा ठेवा: पहिला सिनेमा, कादंबरीचा पहिला भाग, दुसरा सिनेमा, मग उरलेली कादंबरी. दोन सिनेमांत फार दिवस जाऊ देऊ नका. मॉस्कोतल्या कॉसमॉस हॉटेलच्या दर्शनी भिंतीवरून लाल गाडी धावते ती दुसऱ्यात, आणि ती चालवणारी अलीसा कोण, हे पहिल्यात सांगून झालेलं असतं.