इंग्लिश मालमत्ता-कायद्याचे अभिजात ग्रंथ : ब्लॅकस्टोनपासून सुरुवात करावी की मागून पुढे यावे?

पानोपानी

नमस्कार मंडळी. मी वकील नाही, इतिहासाचा वाचक आहे. सध्या इंग्लंडच्या कॉमन लॉवरचे (रूढी आणि न्यायालयांच्या निवाड्यांतून घडलेल्या कायद्यावरचे) जुने ग्रंथ वाचायला घेतले आहेत. तत्त्वज्ञ जॉन लॉकचे मालमत्तेवरचे प्रकरण वाचून झाले, ते नीट कळले. मग अठराव्या शतकातला इंग्लिश कायदेपंडित ब्लॅकस्टोन याच्या 'कॉमेंटरीज'चा दुसरा खंड (१७६६) उघडला. सुरुवातीलाच त्याचे ते प्रसिद्ध वाक्य आहे: बाह्य वस्तूंवर माणूस एकट्याची, निरंकुश सत्ता सांगतो आणि साऱ्या विश्वातल्या बाकी कोणाचाही हक्क त्यातून वगळतो. मला वाटले, पुढचा सगळा खंड या सत्तेचे विवेचन असणार.

प्रत्यक्षात पुढे निघाले भलतेच. चराईचे हक्क, चर्चचे दशमांश, सरंजामी धारणा (सेवेच्या मोबदल्यात धन्याकडून जमीन धरण्याची रीत), तऱ्हेतऱ्हेची वारसपरंपरा. सारी जमीन शेवटी राजाकडून धारण केलेली आहे, असेही तोच सांगतो. मग ती निरंकुश सत्ता कुठे गेली? ब्लॅकस्टोन स्वतःलाच खोडतो आहे की माझ्या वाचनात काही सुटते आहे? आणि ग्लॅनव्हिल, ब्रॅक्टन, लिटलटन, कोक ही मंडळी आधी वाचायला हवीत का?

जुनी पोथी

तुमचे काही सुटलेले नाही. उलट बहुतेक लोक ज्या पानावर थांबतात, त्याच्या पुढे तुम्ही गेलात. मी बरीच वर्षे कायद्याच्या विद्यार्थ्यांना मालमत्तेचा इतिहास शिकवला. हे वाक्य सगळ्यांना पाठ असायचे, तिसरे प्रकरण मात्र कोणी उघडलेले नसायचे.

ते वाक्य पुन्हा पाहा. माणसाच्या कल्पनेला मालमत्तेच्या हक्काइतकी भुरळ दुसरे काही घालत नाही, असे ब्लॅकस्टोन म्हणतो आहे. माणूस जी सत्ता 'सांगतो आणि गाजवतो' तिचे ते वर्णन आहे. इंग्लंडचा कायदा असा आहे, असे तो तिथे म्हणत नाही. लगेच पुढच्या परिच्छेदात तो लिहितो की या हक्काचा उगम तपासायची तसदी फार थोडे लोक घेतात. आपल्या हक्कात काही उणे तर निघणार नाही ना, या धास्तीने मागे वळून पाहायलाच आपण बिचकतो. हे दोन परिच्छेद एकत्र वाचायचे असतात. पहिला तेवढा उचलून ब्लॅकस्टोनला निरंकुश मालकीचा भाट ठरवणे हा त्याच्यावर अन्याय आहे, आणि तो सर्रास होतो.

आता तिसरे प्रकरण. हाताला न लागणाऱ्या मालमत्तेचे दहा प्रकार तो तिथे सांगतो. त्यात सामाईक हक्क आहेत: दुसऱ्याच्या जमिनीवर गुरे चारण्याचा, दुसऱ्याच्या पाण्यात मासे धरण्याचा, जळणासाठी पीट खणून नेण्याचा, दुसऱ्याच्या झाडीतून लाकूड घेण्याचा. दुसऱ्याच्या जमिनीतून जाण्याची वाट आहे. हे सगळे त्याच्या लेखी मालमत्ताच आहे, जमिनीइतकीच खरी. एकाच शेतात पाच जणांचे पाच हक्क असू शकतात आणि त्यातला एकही उपरा नाही.

हे असे का झाले, ते कळायला मात्र मागे जावेच लागते. माझे मत ठाम आहे: इंग्लिश कायद्यात हक्काच्या आधी उपाय आला. 'मालक कोण?' या प्रश्नापासून तो कायदा निघालेला नाही. 'कोणी कोणाला हुसकले, आणि त्यावर राजाच्या न्यायालयात कोणती दाद मिळेल?' इथून तो निघाला. जुने ग्रंथ या प्रश्नाचे बोट धरून वाचले तर उलगडतात. तत्त्वज्ञान शोधत गेलात तर ते रटाळ वाटतील.

सुरुवात 'ग्लॅनव्हिल' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या ग्रंथाने करा. तो दुसऱ्या हेन्रीच्या अखेरच्या काळातला आहे, साधारण ११८७ ते ११८९. राजाचा सरन्यायाधिकारी रॅनल्फ द ग्लॅनव्हिल याचे नाव त्याला चिकटले, पण तो त्यानेच लिहिला याची खात्री नाही. पुस्तक छोटे आहे आणि जवळजवळ सगळे रिटांभोवती, म्हणजे दावा सुरू करणाऱ्या राजाच्या लेखी आदेशांभोवती, रचलेले आहे. तेरावा भाग उघडून बेदखलीच्या दाव्याचे, म्हणजे नॉव्हेल डिसीझिनचे रिट वाचा. अमक्याने तक्रार केली आहे की तमक्याने आपल्याला आपल्या मुक्त धारणेच्या जमिनीतून अन्यायाने आणि निवाड्याविना बेदखल केले. तेव्हा शेरीफने शेजारपाजारचे बारा मुक्त, भरवशाचे पुरुष जमवावेत, त्यांनी ती जमीन डोळ्यांनी पाहावी आणि न्यायाधीशांपुढे यावे. त्यांना विचारायचे ते इतकेच: या माणसाला अन्यायाने, निवाड्याविना बाहेर काढले का? अस्सल हक्क कोणाचा, हा प्रश्न त्या दिवशी विचारलाच जात नाही. तो हवा असेल तर वेगळे रिट, वेगळी आणि फार लांबणारी लढाई.

मला हे पान आजही हलवून सोडते. दांडगाईने जमीन बळकावणाऱ्याला 'पण मूळ हक्क माझाच होता' एवढ्यावर सुटता येत नव्हते. आधी निवाडा घे, मग जमिनीवर ये. ब्रॅक्टन या उपायाबद्दल लिहितो की तो अनेक रात्री जागून, विचार करून शोधून काढला गेला. कायद्याच्या पुस्तकात अशी कृतज्ञता क्वचित भेटते.

ब्रॅक्टनचा ग्रंथ तेराव्या शतकाच्या मध्यापर्यंतचा. ब्रॅक्टन १२६८मध्ये वारला, पण ग्रंथाचा बराच भाग त्याच्या आधीच्या न्यायाधीशांच्या वर्तुळात लिहिला गेला असावा, असे आता मानतात. राजा माणसांच्या खाली नसावा, पण देवाच्या आणि कायद्याच्या खाली असावा, हे वचन त्यातलेच. तो सबंध वाचण्याचा हट्ट धरू नका. बेदखलीवरचा भाग वाचा. तोच फार मोठा आहे. सॅम्युएल थॉर्नने केलेले इंग्रजी भाषांतर चार खंडांत आहे.

लिटलटन मात्र संपूर्ण वाचाच. 'टेन्युअर्स' हे पुस्तक १४८१-८२च्या सुमारास लंडनमध्ये छापले गेले. इंग्लंडमध्ये छापल्या गेलेल्या अगदी पहिल्या कायदेग्रंथांत त्याची गणना होते. थॉमस लिटलटन न्यायाधीश होता आणि पुस्तक त्याने आपल्या मुलाला शिकवण्यासाठी लिहिले. कायद्याच्या फ्रेंचमध्ये, छोट्या छोट्या कलमांत. अधूनमधून तो 'माझ्या मुला' अशी हाक मारतो आणि एखादा मुद्दा नीट शिकून घे म्हणून बजावतो. पहिलेच कलम आहे ते 'फी सिंपल'चे: ज्याला जमीन स्वतःसाठी आणि आपल्या वारसांसाठी कायमची धारण करायला मिळते तो. सर्वांत मोठ्या हक्काची व्याख्यासुद्धा 'धारण करणे' या क्रियेवर उभी आहे.

यावर १६२८मध्ये एडवर्ड कोकने भाष्य लिहिले. पानाच्या मध्यावर लिटलटन, बाजूला त्याचे इंग्रजी, आणि पोथीतल्या टीकेसारखे चहूकडून कोकचे भाष्य, शिवाय समासात दाखले. मानवी विद्येच्या कुठल्याही शाखेत लिटलटनइतका परिपूर्ण ग्रंथ झाला नाही, असे कोकचे मत होते आणि ते त्याने छापून ठेवले. कोक भरकटतो, एका शब्दावरून तीन पाने जातो. सलग वाचू नका. लिटलटन वाचताना जिथे अडाल तिथे कोककडे वळा.

या वाटेने ब्लॅकस्टोनकडे परत आलात की दुसऱ्या खंडाचे पाचवे प्रकरण जिवंत होईल. १६६०च्या कायद्याने लष्करी धारणा आणि त्यांच्यासोबतचे जाच संपवले: अज्ञान वारसाचे पालकत्व आणि लग्न यांवरची धन्याची सत्ता वगैरे. मॅग्ना कार्टापेक्षाही हा कायदा देशाच्या मालमत्तेसाठी मोठा लाभ होता, असे ब्लॅकस्टोन लिहितो. ज्याने लिटलटनचे दुसरे पुस्तक वाचले नाही, त्याला हे वाक्य अतिशयोक्ती वाटेल.

तळटीप

जुनी पोथी यांच्या क्रमाबद्दल आदर आहे, पण नवख्या वाचकाला थेट ग्लॅनव्हिलकडे पाठवणे मला जड वाटते. मी आधी कायद्याचा इतिहासकार मेटलंड देईन. 'फॉर्म्स ऑफ ॲक्शन'वरची, म्हणजे दाव्यांच्या ठरीव साच्यांवरची, त्याची केंब्रिजची व्याख्याने मरणोत्तर, १९०९मध्ये, छापली गेली. पुस्तक लहान आहे, एका सुट्टीत होते. दाव्यांचे ते साचे आपण पुरले, तरी ते थडग्यातून आपल्यावर राज्य करतात, हे त्याचे विधान तिथलेच. मग पोलॉक आणि मेटलंडचा १८९५चा इतिहास.

एक सावधगिरी मात्र हवी. दुसऱ्या हेन्रीने ताब्याला संरक्षण द्यायचे धोरण आखले, असे चित्र मेटलंड रंगवतो. नंतरचा कायदा-इतिहासकार मिल्सम याने पुढे ते उलटे लावून दाखवले: बेदखलीचा दावा मुळात कोणाही दांडग्याविरुद्ध नव्हता, आपल्याच कुळाला निवाड्याविना काढणाऱ्या धन्याविरुद्ध होता. त्यामुळे धन्याचे स्वतःचे न्यायालय राजाच्या न्यायालयाला उत्तरदायी झाले, आणि कुळाचे धारण हळूहळू मालकीसारखे दिसू लागले. मला मिल्सम पटतो.

जुनी पोथी

मिल्सम मलाही पटतो, आणि म्हणूनच मूळ रिट आधी वाचावे म्हणतो. मेटलंडचे गद्य इतके सुंदर आहे की ते आधी वाचले तर पुढे ग्लॅनव्हिलमध्येही मेटलंडच दिसत राहतो. पण व्याख्याने हाताशी ठेवा, यात वाद नाही.

पानोपानी

दोघांचेही मनापासून आभार. एक गोष्ट मात्र टोचते आहे. रिटात 'मुक्त धारणा' म्हटले आहे. म्हणजे जे मुक्त नव्हते, धन्याच्या शेतावर राबायला बांधलेले होते, त्यांचे काय? आणि ज्यांच्याकडे काहीच नव्हते ते? या ग्रंथांत ते दिसतात का?

जुनी पोथी

योग्य ठिकाणी बोट ठेवलेत. त्या बांधील कुळांना ही दाद नव्हती. राजाच्या न्यायालयाच्या दृष्टीने त्यांची जमीन धन्याचीच होती. त्यांना होती फक्त मॅनरची (धन्याच्या जहागिरीची) रीत आणि मॅनरचे न्यायालय. तिथल्या दप्तरात नोंद व्हायची, तिची नक्कल कुळाला मिळायची, आणि त्या नकलेवरून पुढे 'कॉपीहोल्ड' हे नाव पडले. लिटलटनच्या पहिल्या पुस्तकात या कुळांवर मोजकी कलमे आहेत. पंधराव्या-सोळाव्या शतकांत वरची न्यायालये त्यांना संरक्षण देऊ लागली. कोकच्या निधनानंतर १६४१मध्ये छापलेल्या 'कम्प्लीट कॉपीहोल्डर'मध्ये तो म्हणतो की आता हे कूळ भक्कम जमिनीवर उभे आहे, धन्याच्या नाराजीची त्याला पर्वा नाही. एका वाक्यात दोन-तीनशे वर्षांची चढण आहे. कॉपीहोल्ड पूर्णपणे संपले ते १९२६ सालापासून, १९२२च्या कायद्याने.

ज्यांच्याकडे काहीच नव्हते त्यांची गोष्ट उलट्या दिशेने जाते, आणि ती वाचताना मला राग येतो. कापणीनंतर शेतात पडलेली कणसे गोरगरिबांनी वेचावीत, तो अतिक्रमणाचा गुन्हा नव्हे, असे ब्लॅकस्टोन तिसऱ्या खंडात कॉमन लॉ आणि रीतीच्या आधारे लिहून गेला. सफोकमधल्या टिमवर्थच्या मेरी हॉटन हिच्यावर याच वेचणीवरून दावा झाला. १७८८मध्ये कॉमन प्लीज न्यायालयाने बहुमताने ठरवले की असा सर्वसाधारण हक्क कॉमन लॉमध्ये नाही. न्यायमूर्ती गूल्ड यांनी विरोधी मत दिले; ते जरूर वाचा. ब्लॅकस्टोन तेव्हा हयात नव्हता. त्याचे शब्द न्यायालयासमोर होते आणि ते पुरे पडले नाहीत. त्याआधीच, १६०७च्या गेटवर्डच्या खटल्यात, केवळ गावचा रहिवासी म्हणून कोणाला चराईचा हक्क सांगता येणार नाही असे ठरले होते. ज्याच्यामागे धारणा नाही त्याला दाव्याचा साचाच मिळत नव्हता.

उंबरठा

यात बायकांचे एक पान जोडते. ग्लॅनव्हिलचा सहावा भाग सबंध विधवेच्या वाट्यावर, म्हणजे डॉवरवर आहे, लिटलटनमध्येही त्याचे प्रकरण आहे. विधवेला दाद मागता येत होती. विवाहितेचे चित्र वेगळे. ब्लॅकस्टोनच्या पहिल्या खंडाचे पंधरावे प्रकरण वाचा: लग्नाने नवरा-बायको कायद्यात एक व्यक्ती होतात आणि तिचे कायदेशीर अस्तित्व लग्न टिकेपर्यंत स्थगित राहते. ट्रस्ट करून देणाऱ्या (बायकोसाठी मालमत्ता विश्वस्तांच्या हाती ठेवणाऱ्या) सधन घरांना चॅन्सरी न्यायालयातून वाट होती, बाकीच्यांना १८७० आणि विशेषतः १८८२च्या कायद्यापर्यंत थांबावे लागले. हे प्रकरण पहिल्या खंडात, 'व्यक्तींच्या हक्कां'त आहे. मालमत्तेचा खंड तेवढा वाचणाऱ्यांच्या नजरेतून ते सुटते.

पानोपानी

खूप मोलाचे. आता क्रम ठरला: बेदखलीचे रिट, मेटलंडची व्याख्याने, लिटलटन, मग पुन्हा ब्लॅकस्टोन. शेवटचे एकच विचारतो. ब्लॅकस्टोनची कोणती आवृत्ती घ्यावी? माझ्याकडच्या प्रतीत पानभर टिपा आहेत आणि मूळ कुठले, जोड कुठली, ते कळत नाही.

जुनी पोथी

१७६५ ते १७६९ची पहिली आवृत्ती घ्या; तिच्या हुबेहूब प्रती छापलेल्या मिळतात. येल विद्यापीठाच्या ॲव्हलॉन प्रकल्पावर मजकूर मोफत वाचता येतो. ब्लॅकस्टोनने हयातीतच पुढच्या आवृत्त्यांत फेरफार केले, आणि त्याच्यानंतर संपादकांनी टिपांवर टिपा चढवल्या. १७९०च्या दशकातल्या बाराव्या आवृत्तीपासूनच्या पुष्कळ टिपा एडवर्ड ख्रिश्चनच्या आहेत. त्या टाकाऊ नाहीत. पुढच्या पिढीला कुठे शंका आली ते त्यांतून दिसते. पण पहिल्या वाचनात त्या झाका. तिसऱ्या खंडात वेचणीचा परिच्छेद येईल तिथे मात्र टीप असेल तर उघडून पाहा, आणि काय सापडते ते इथे लिहा.