मदत हवी: जुना मायक्रोसर्व्हर आणि ऑप्टिप्लेक्ससाठी साधं ग्राफिक्स कार्ड

नमस्कार मंडळी,

गावच्या अभ्यासिकेला एका ऑफिसातून निघालेल्या दोन मशीन मिळाल्या आहेत: एचपी मायक्रोसर्व्हर जेन८ आणि डेल ऑप्टिप्लेक्स ७९०, लहान केसवाला. स्पर्धा परीक्षेच्या तासांचे व्हिडिओ सर्व्हरवर ठेवायचे आणि दोन्ही स्क्रीनवर मुलांना नीट बघता यावेत, एवढंच हवंय. गेम कोणी खेळणार नाही.

सर्व्हरवर मॅट्रॉक्स जी२०० ही बोर्डवरचीच साधी ग्राफिक्स चिप आहे आणि बाहेर फक्त व्हीजीए, म्हणजे मॉनिटरचा जुना पोर्ट. फाइलींचं काम होतं, व्हिडिओ अडखळतो. डेलच्या प्रोसेसरमधल्या इंटेल एचडी २००० ग्राफिक्सला एच.२६४ (व्हिडिओ दाबून साठवायची एक पद्धत) झेपतो, पण आमचे बरेच तास मोबाइलवर ४के एच.२६५ या त्याहून नव्या पद्धतीत रेकॉर्ड झालेत. सगळा भार प्रोसेसरवर येतो आणि चित्र अडकतं.

दुकानदार एनव्हिडियाचं जीटी ७१० कार्ड घ्या म्हणतो. १९ वॅट, स्वस्त, बहुतेकांना पंखाही नाही. पण ते केप्लर या जुन्या चिप-पिढीचं, एच.२६५ त्यालाही जमत नाही, शिवाय एनव्हिडियाच्या ४७० मालिकेपुढचे ड्रायव्हर त्यावर चालत नाहीत. मग पैसे घालून मिळवलं काय? जीटी ७३० च्या नावाखाली तर वेगवेगळ्या चिप विकल्या जातात. त्यातलं केप्लरहूनही जुन्या फर्मी पिढीचं ४९ वॅट खातं आणि मायक्रोसर्व्हरच्या स्लॉटला मर्यादा ३५ ची, अख्खा पॉवर सप्लायच १५० वॅटचा.

माझ्या मते उरतात दोनच: जीटी १०३० आणि क्वाड्रो पी४००. दोन्ही ३० वॅट, दोन्हींना एच.२६५ जमतो. जेन८ मध्ये मशीन सुरू करणारी नवी प्रणाली यूईएफआय नाही, जुना बायोस आहे. त्यावर ही कार्डं सुरू होतील का? आणि आयलोचा (नेटवर्कवरून सर्व्हर सांभाळायची एचपीची सोय) रिमोट कन्सोल बंद पडेल का? सर्व्हर कपाटात राहणार, तेव्हा तो हवाच आहे.

प्रतिसाद:

दोन्ही कार्डं पास्कल या केप्लरनंतरच्या पिढीची, जुन्या बायोसवर सुरू होतात. आयलो फक्त मॅट्रॉक्सचं चित्र दाखवतो. त्यामुळे बायोसमध्ये ऑनबोर्ड व्हिडिओ बंद करू नका.

सर्व्हरला पी४०० घ्या. १०३० मध्ये एन्कोडर, म्हणजे व्हिडिओ नव्याने दाबणारा भाग, नाही. उद्या मुलांच्या मोबाइलवर व्हिडिओ लहान करून पाठवायचे ठरलं तर तिथेच अडाल. पी४०० ला मिनी डिस्प्लेपोर्ट असतात, ॲडॉप्टरचे पैसे धरा. डेलला १०३० पुरेल, पण जीडीडीआर५ मेमरीवालंच. डीडीआर४ वाल्याचा मेमरीचा वेग निम्म्याहूनही कमी आहे आणि डब्यावर नाव तेच असतं. दोन्ही कार्डांबरोबर लो-प्रोफाइल (लहान केसमध्ये बसणारी) पट्टी आहे ना, ते दुकानातच उघडून बघा.