मदत हवी आहे : हायब्रिड मॅथ कोर्स सुरूच करता येत नाहीये!!

शर्वरी_मी
अर्जंट आहे म्हणून नवीन धागा काढतेय, आधी असा असेल तर लिंक द्या. सोमवारपासून माझा मॅथचा हायब्रिड कोर्स (थोडा वर्गात, थोडा ऑनलाइन) सुरू झालाय, लॉगिन होतंय पण आत गेलं की सगळ्याला कुलूप, होमवर्कवर क्लिक केलं की कोड टाका नाहीतर पैसे भरा, सरांना ईमेल टाकून बसलेय तर उत्तर नाही. वर तोच कोर्स माझ्या नावावर दोनदा लागलाय. त्यातला एक ड्रॉप करून टाकू का? रविवारी रात्री पहिलं काहीतरी सबमिट करायचंय. कोणी केलंय का हे??

गणोबा
कुठला देश, कुठलं कॉलेज, मॅथ म्हणजे कुठलं मॅथ? मॅथ तर पाचवीतही असतं.

दत्ता_नाशिककर
मुक्त विद्यापीठाचा असेल तर साइटच्या नादी लागू नका, सरळ अभ्यासकेंद्रावर जा आणि प्रवेशाची पावती बरोबर न्या. माझ्या भाच्याचं तसंच झालं होतं.

शर्वरी_मी
अहो मुक्त नाही, कम्युनिटी कॉलेज. बे एरिया, कॅलिफोर्निया.

आबा_डॅलस
प्लेसमेंट टेस्ट, म्हणजे कुठल्या लेव्हलला बसवायचं ते ठरवणारी, दिलीत का? इथे टीएसआय दिल्याशिवाय मॅथला हात लावू देत नाहीत. बहुतेक ती राहिलीय म्हणून कुलूप असणार. माझ्या सुनेने केलंय हे सगळं.

नीरजा_एस
आबा, टीएसआय टेक्सासची. कॅलिफोर्नियात कम्युनिटी कॉलेजांनी प्लेसमेंट टेस्ट बंद करून बरीच वर्षं झाली, एबी ७०५ कायद्यानंतर. शर्वरी, मी इथल्याच एका कॉलेजात मॅथ ट्युटरिंगला बसते, पण तू अर्धंच लिहिलंयस. स्टॅटिस्टिक्स आहे की अल्जिब्रा? कोड कोण मागतंय, म्हणजे होमवर्कची साइट कुठली, मायलॅब, अलेक्स की आणखी काही? आणि दोनदा लागलाय म्हणतेस तर दोघांचा कोर्स नंबर अगदी एकच आहे का? नीट बघून सांग.

आबा_डॅलस
टेस्ट न घेता डायरेक्ट वर्गात बसवायचं म्हणजे पोराला पाण्यात ढकलून बघायचं पोहता येतं का. पाया कच्चा राहतो अशाने.

नीरजा_एस
उलट पूर्वी त्या टेस्टमुळे पोरं खालच्या, क्रेडिट न मिळणाऱ्या वर्गांत दोन-दोन वर्षं अडकायची आणि कंटाळून कॉलेज सोडायची, म्हणून तर कायदा आला. आता थेट मेन कोर्सला बसवतात आणि ज्याला गरज त्याला जोडीला सपोर्टचा वर्ग देतात.

मोगरा
जरा अवांतर, पण एच४ व्हिसावर (नवरा एच१बी वर) असं कॉलेज करता येतं ना? फी किती पडते?

गणोबा
एच४ वर फुल टाइम पण चालतं. एफ२, म्हणजे विद्यार्थ्याच्या जोडीदाराच्या व्हिसावर असाल तर फक्त पार्ट टाइम. कॅलिफोर्नियात रेसिडेंट धरलं तर युनिटला ४६ डॉलर, त्यासाठी राज्यात एक वर्ष आणि एक दिवस राहिलेलं असावं लागतं आणि त्याचे कागद दाखवावे लागतात. नाहीतर कितीतरी पट. पण धागाकर्तीला हे विचारायचंच नव्हतं.

शर्वरी_मी
हो ना! स्टॅटिस्टिक्स आहे, नर्सिंगच्या प्रीरिक्विझिटमध्ये (प्रवेशाआधी करायच्या विषयांत) लागतं. माझं बीकॉम कोल्हापूरचं, त्यानंतर गणिताशी संबंध नाही म्हणून फॉर्ममध्ये खरं ते लिहिलं. कोड मायलॅबचा. मी गुगलवरून त्यांच्या साइटवर गेले तर तिथे कोर्स आयडी पण मागतात, तो कुठून आणू. नंबर जवळजवळ सेम आहेत, एकाच्या पुढे एक अक्षर जास्त आहे. सर पण तेच.

नीरजा_एस
मग काहीही ड्रॉप करू नकोस!! ते अक्षरवालं तेच सपोर्टचं आहे. तू बरीच वर्षं गणित नाही म्हणून लिहिलंस त्यामुळे जोडून दिलंय. बहुतेक ठिकाणी एक ड्रॉप केलं की दुसरंही जातं, आणि वेटलिस्टवर माणसं टपून बसलेली असतात, जागा परत मिळायची नाही.

कुलपाचं म्हणशील तर कॅनव्हासमध्ये (तू लॉगिन करतेस ती कॉलेजची कोर्सची साइट) मॉड्यूल्स, म्हणजे कोर्सचे भाग, उघड, अगदी वरचं, बहुधा 'स्टार्ट हिअर' असेल, तेवढं उघडं असतं. त्यात सिलॅबस आणि त्यावरची क्विझ असते, पुष्कळदा पूर्ण मार्क मिळाल्याशिवाय पुढचं उघडतच नाही पण कितीही वेळा देता येते. कुठलं मॉड्यूल कशासाठी अडलंय ते त्याच्या नावाशेजारी बारीक अक्षरात लिहिलेलं असतं, कोणी वाचत नाही. ओळख करून द्यायचं डिस्कशन असेल तर तेही आजच लिही. नुसतं लॉगिन केलं म्हणजे हजेरी लागली असं नाही, काहीतरी सबमिट झालेलं दिसावं लागतं, नाहीतर पहिल्याच आठवड्यात नो-शो म्हणून काढून टाकतात.

मायलॅबला गुगलवरून जाऊ नकोस, कॅनव्हासच्या आतल्या लिंकवरूनच जा, म्हणजे कोर्स आयडी लागत नाही. पैसे आत्ता भरू नकोस, तिथेच खाली टेम्पररी अ‍ॅक्सेस असतो, १४ दिवस फुकट. तोवर सिलॅबसमध्ये बघ नक्की कुठला कोड घ्यायचाय, सपोर्टच्या वर्गाला वेगळा लागत नसतो शक्यतो.

आणि ईमेल जीमेलवरून केलास का? कॉलेजच्या आयडीवरून कर, सब्जेक्टमध्ये कोर्स आणि सेक्शन नंबर टाक. सरांकडे चार-पाच वर्ग असतात, नुसतं "प्लीज हेल्प" लिहिलं तर जंकमध्ये पडतं.

आबा_डॅलस
कॅल्क्युलेटर मात्र टीआय ८४ घ्या, शंभराच्या वर जातो पण नर्सिंगपर्यंत टिकेल.

गणोबा
कशाला? डेस्मॉस हा ऑनलाइन कॅल्क्युलेटर फुकट आहे. आम्ही बारावी लॉग टेबलवर काढली, बोर्डात कॅल्क्युलेटर चालायचाच नाही.

आबा_डॅलस
कॅम्पसवरच्या परीक्षेत फोन-लॅपटॉप काढू देत नाहीत, तिथे डेस्मॉस कसा चालवणार? हायब्रिडला परीक्षा बहुतेक वर्गातच.

नीरजा_एस
आबांचं हे बरोबर आहे. पण विकत घेऊ नकोस, कॉलेजच्या लायब्ररीत किंवा मॅथ सेंटरला टीआय ८४ सेमिस्टरभर मिळतो का विचार. लवकर जा, संपतात.

शर्वरी_मी
नीरजाताई थँक यू!! क्विझ दिली, पहिलं मॉड्यूल उघडलं, मायलॅबही आतून चालू झालं. पण सपोर्टवाल्यात लिहिलंय गुरुवारी संध्याकाळी ६, रूम नंबर पण आहे. मी समजत होते फक्त मंगळवारी जायचं आणि बाकी घरून. वेळेच्या खाली अजून एक ओळ आहे, नुसतं 'अरेंज्ड' आणि काही तास, ते काय?

नीरजा_एस
अरेंज्ड म्हणजे ऑनलाइनचे तास, ते आपल्या वेळेने. जिथे वार आणि रूम लिहिलीय तिथे जायचंच. गुरुवार म्हणजे आज की गं!

शर्वरी_मी
हो आजच 😩 मुलीला शेजारी सोडून निघतेय. पार्किंग परमिट पण काढलेलं नाही.

गणोबा
पहिल्या आठवड्यात पुष्कळ कॉलेजं दंड करत नाहीत, वेबसाइटवर बघून घ्या. नाहीतर लॉटमध्ये मशीनवर दिवसाचं तिकीट मिळतं. स्टाफच्या जागेत लावू नका फक्त.

दत्ता_नाशिककर
आणि प्रवेशाची पावती बरोबर ठेवा.